बेटावरचे खडे

स्वानंदीच्या घरी गौरी खड्यांच्या. पाणवठ्यावरून सात खडे उचलायचे, ताम्हनात घ्यायचे आणि देवापाशी टेकवेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. अमेरिकेत बॉथेलला राहायला आल्यापासून ती घरामागच्या ओढ्यातलेच खडे आणत असे. यंदा मात्र तिला वेगळीच हौस आली.

सुट्टीत ती, नवरा नकुल आणि लेक इशिता जपानमधल्या एका चिमुकल्या बेटावर गेली होती. बोटीतून उतरताच सशांचा गराडा पडतो, म्हणून लोक तिथे जातात. ससे सोडले तर बेटावर काळवंडलेल्या पडक्या इमारती तेवढ्या. युद्धाच्या काळात तिथे मोहरीसारख्या वासाचा विषारी वायू बनत असे. बेट नकाशावरूनच पुसून टाकलं होतं. रबरी पोशाख घालूनही कामगारांच्या छातीत तो वायू भिनला आणि त्यांचा खोकला मरेपर्यंत सुटला नाही, असं तिथल्या संग्रहालयात लिहिलं होतं. स्वानंदीने ते भरभर वाचलं आणि ती किनाऱ्यावर गेली. तिथले खडे असे गुळगुळीत, की तिने मोजून सात उचलले.

गौरी आवाहनाच्या दुपारी तेच खडे ओढ्यात बुडवून ती मुकाट्याने दारात आली. नकुलने तिच्या पायांवर पाणी घातलं.

"गौरी कशाच्या पावलांनी आली?"

उत्तर देण्याचा मान दरवर्षी इशिताचा. 'सोन्याच्या पावलांनी' हे तिला तोंडपाठ होतं. पण ती आईच्या मागे, ड्राइव्हवेकडे बघत होती.

"बूट्स," ती म्हणाली. "रबर बूट्स."

"अगं, सोन्याच्या म्हण ना!" नकुल हसला.

"बट दे आर रबर, बाबा. हू आर दे?"

स्वानंदीला ओरडावंसं वाटलं. पण बोलायचं नाही, हे हाडीमाशी खिळलेलं. रीतीप्रमाणे तिने गौरीला सगळं घर दाखवलं. स्वयंपाकघर, पॅन्ट्री, गराजसुद्धा. शेवटी इशिताची खोली. प्रत्येक उंबऱ्यावर मागे ओल्या रबराचा फचफच आवाज थांबत होता आणि पुन्हा सुरू होत होता.

संध्याकाळी घरभर मोहरी जळल्याचा वास सुटला. गॅस बंद होता. इशिताचे डोळे लालबुंद झाले, मग खोकला लागला.

"वाइल्डफायरचा स्मोक असेल, यार," नकुल म्हणाला. फोनवर हवा स्वच्छ दाखवत होती.

सकाळी डॉक्टरांनी छाती तपासली. काहीच सापडलं नाही. दुपारपर्यंत पोरीला श्वास पुरेना, ओठ निळसर पडू लागले. स्वानंदीची पाचावर धारण बसली.

"विसर्जन करायचं. आत्ता."

"अगं, पण विसर्जन उद्या आहे. आधी इमर्जन्सीला जाऊ."

"आधी ओढा!"

घराला कुलूप घालून तिघं ओढ्यावर गेली. खडे पाण्यात सोडताना 'पुन्हा या' म्हणायचं असतं. "परत येऊ नका," स्वानंदी म्हणाली.

इशिताचा खोकला तिथेच थांबला. ती पाण्यात वाकून हात धुऊ लागली. नकुलने आकाशाकडे बघून हात जोडले.

"बरं वाटतंय ना, राणी?" परतताना स्वानंदीने विचारलं.

इशिता काही बोलली नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. ओठ घट्ट मिटून, हातांची ओंजळ छातीशी धरून ती पुढे चालत राहिली आणि दाराशी येऊन थांबली. कोणीतरी पायांवर पाणी घालावं, तशी.

तिची ओंजळ ठिबकत होती, बोटांच्या फटींतून ते गुळगुळीत खडे दिसत होते. विसर्जनाहून रिकाम्या हाताने परतायचं नसतं, हे स्वानंदीनेच तिला शिकवलं होतं.

नकुल अजून सुटकेच्या आनंदात होता.

"अरे वा, गौरीबाई! कशाच्या पावलांनी आलात?"

"नकुल, नको!"

इशिता रीतीप्रमाणे गप्प राहिली.

कुलपाआडून, वरच्या तिच्या खोलीतून, कोणीतरी खोकलं. मग स्वयंपाकघरातून. मग अगदी दारामागून.