साथ सुटलेलं पद

ही गोष्ट रचलेली नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेली आहे. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. रविवारी दुपारचा प्रयोग होता, नाट्यगृह भरलेलं होतं आणि मी स्वतः तिसऱ्या रांगेत बसले होते.

मामा संगीत नाटकाला ऑर्गनची साथ करायचा. मामी त्याच नाटकाची नायिका. ती छातीच्या दुखण्यानं गेली आणि नाटक बंद पडलं. काही वर्षांनी ते पुन्हा उभं राहिलं, तेव्हा मामाच्या जिवात जीव आला.

पण नायिका टिकेना.

पहिली गळ्यानं गोड, पण रडायच्या जागीही नुसती गोडच. दुसरी अभिनयात उजवी, पण वर गेली की सूर कापायचा. मामाचं एकच पालुपद... तिची सर हिला नाही. दोघीही वैतागून निघून गेल्या.

तिसरी अगदी कोवळी पोर. आवाज बारीक, उंच. तिनं पट्टी चढवून मागितली. मामा ऐकेना. नाटक मामीच्याच पट्टीत होणार, म्हणाला.

तिच्या पहिल्या प्रयोगात शेवटचं पद सुरू झालं...

आणि मामाचे हात गार पडले.

मधल्या ओळीत, ऐन शब्दाच्या पोटात, पोरीनं श्वास घेतला. दम पुरेनासा झाल्यावर मामी तिथंच घ्यायची. पोरीनं मामीला कधी ऐकलंसुद्धा नव्हतं.

श्वासानंतरचा सूर मामीचा होता.

लोकांनी पोरीला डोक्यावर घेतलं. तिघींत हीच खरी, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. मामा घरी येऊन ढसाढसा रडला. मग तो फक्त प्रयोगाची वाट बघत जगायला लागला.

पोर मात्र खंगत चालली.

आधी प्रयोगानंतर तिचा आवाज बसायचा. मग बसलेला उठेचना. रंगपटात ती खुणेनं पाणी मागायची. साधी कुजबुजही फुटत नसे...

आणि पडदा उघडला की तोच भरदार आवाज.

त्या रविवारी प्रयोगाआधी पोरीची आई आली आणि मामासमोर हात जोडून उभी राहिली. किती अडवलं तरी वेळ झाली की पोर हात सोडवून इकडे चालू लागते, असं तिनं सांगितलं.

"दादा, काल ती झोपेत खोकली," ती म्हणाली. "तो खोकलासुद्धा तिचा नव्हता."

मामानं मान खाली घातली. तो खोकला कसा होता, हे त्याला विचारावं लागलं नाही.

शेवटचं पद आलं. पोरीच्या तोंडून मामीनं पहिली ओळ उचलली. मामानं जीव ओतून साथ केली. मग ती जागा आली... तिनं श्वास घेतला...

मामानं हात उचलले.

आणि दोन पट्ट्या वर ठेवले, पोरीनं मागितलं होतं तिथं.

पोर अडखळली. मग एक बारीक, घाबरलेला सूर निघाला. कसाबसा सावरलेला, पण तिचा स्वतःचा. विंगेत तिची आई मटकन खाली बसली.

पण जुन्या पट्टीतला आवाज थांबला नाही.

आता तो रंगमंचाच्या मागच्या अंधारातून येत होता... साथीशिवाय... चाचपडत...

मामाचा डावा हात दोनदा जुन्या पट्टीकडे सरकला. दोन्ही वेळा त्यानं तो मागे ओढला. पडदा पडला, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्यात सगळं बुडून गेलं.

पोर आज ठणठणीत आहे. दुसऱ्या नाटकात गाते, तेही तिच्याच पट्टीत. मामानं मात्र पुन्हा ऑर्गनला हात लावला नाही. मी भेटले की एवढंच विचारतो, "तू समोर होतीस ना? मामीचं पद पुरं झालं का गं?"

मी हो म्हणते.

टाळ्या थांबल्या, दिवे लागले, माणसं उठून गेली... तरी आतून गाणं येतच होतं.

हे त्याला कोणत्या तोंडानं सांगू?