ताजी जागा

धाकटी त्या सकाळी ऑफिसात लवकर आली ती अटी वाचायला. लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर कुठे आहे, हे दाखवणारं अ‍ॅप तिनं बनवलं होतं. नकाशा मात्र दुसऱ्या कंपनीचा, आणि त्यांच्या अटी म्हणजे मारुतीचं शेपूट.

"नकाशाकडून आलेली कुठलीही जागा तीस दिवसांनी पुसायची," ऑफिसच्या वकीलबाईंनी समजावलं. "ठेवायची असेल तर पुन्हा ताजी मागून घ्यायची. मग पुढचे तीस दिवस."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. कारण अ‍ॅपमधल्या कारागिरांत तिच्या दादाचाही ठिपका होता. दादाही लिफ्टचाच कारागीर. बंद पडलेल्या एका कारखान्यात, लिफ्टच्या खड्ड्यात पडून गेला. अठ्ठावीस दिवस झाले होते. फोनचा चुरा झाला, कपडे घरच्यांनी वाटून टाकले. उरला तो एवढा ठिपका, आणि तोही पुसायचा म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पोचवून येणं.

"मग मी रोजच ताजी मागते," ती म्हणाली.

"माग बाई," वकीलबाई हसल्या. "शब्दांचा कीस पाडायला मला तरी सोबत मिळाली."

तिनं मागितली. ठिपका खड्ड्यातून कारखान्याच्या फाटकाशी आला. नकाशे चुकतात, तिनं मनाला समजावलं. दुसऱ्या दिवशी तो बसथांब्यावर होता, तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या गल्लीत. खरं सांगायचं तर आधी तिला आनंदच झाला. पण तिचं कशात लक्ष लागेना. बसली की उठे, उठली की पुन्हा पडद्यापाशी येई. टेबलावरचा चहा रोज तसाच गार होई.

चौथ्या दुपारी ठिपका याच इमारतीत होता.

"बाई... नकाशा अशी जागा बदलतो का हो?"

वकीलबाईंनी अटीवर बोट ठेवलं. "ताजी म्हणजे आज जिथे आहे ती. कालची कशी देईल?... का गं, कोणाची मागतेयस?"

धाकटीनं दाराकडे पाहिलं. बाहेर लिफ्ट घरघरत वर येत होती. एक मजला, दुसरा. दाराच्या फटीतून ग्रीसचा वास आला, दादाच्या हातांना असायचा तोच. तिला रडू फुटलं. आपलाच दादा, आणि आपल्याला त्याची भीती वाटतेय, याची तिला लाज वाटली. तरी तिनं ठिपका पुसला.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. वासही गेला.

"बरी आहेस ना?" वकीलबाईंनी पाणी पुढे केलं. धाकटीनं मान हलवली. तेवढ्यात तिचा फोन थरथरला. तिच्याच अ‍ॅपचा निरोप होता.

'तुमची जागा साठवली आहे. साठवणारा: दादा. तीस दिवसांनी पुसली जाईल.'

तिनं फोन पालथा ठेवला. एक घोट पाणी प्यायली. फोन पुन्हा थरथरला.

'जागा ताजी करून घेतली. पुढचे तीस दिवस.'