निवासताप
महाक्षेत्र नियोजन कक्षाच्या पडद्यावर खडीमाळ निळीशार दिसत होती. निळा म्हणजे रिकामा. त्या चौदा एकरांवर पुढच्या महिन्यात सौरमळा उभा राहायचा होता, पण सकाळी जमीन मोजायला गेलेली माणसं हात हलवत परत आली होती. तिथे दोनशे अकरा घरं होती, घरांत माणसं होती, आणि त्यांनी मोजणीदारांना बसायला सतरंजीही अंथरली होती.

"यंत्र बिघडलंय का?" प्रमुख नियोजनकार शर्मिष्ठा कारखानीसने विचारलं.

"यंत्र ठणठणीत आहे, मॅडम. नियम बिघडलाय." उपग्रहावरच्या तापवेधाचं गणित फैयाज मुलाणी सांभाळायचा. "कागदावरची वस्ती खोटी निघायची, म्हणून आपण उष्णता मोजायला लागलो. माणूस राहतो तिथं संध्याकाळी चूल, पंखा, दिवा, काहीतरी तापतंच. तो निवासताप. तो ठरलेल्या रेषेखाली गेला, की आराखड्यात जमीन रिकामी. आता यांनी छपरांना चुना फासलाय, भिंतींत भुसा भरलाय, सगळ्या वस्तीचं जेवण दुपारीच एका सौरचुलीवर शिजतं. ताप येणार कुठून? चोर सोडून संन्याशाला फाशी झाली ही."

चुना, भुसा, सौरचूल हे सगळं नऊ वर्षांपूर्वी तिनेच खडीमाळला जाऊन शिकवलं होतं. बाकीच्या शहराने तिच्या भाषणांना टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन वातानुकूलन लावलं. ऐकलं ते या लोकांनी.

"दुरुस्त कसं करायचं?"

"दोन वाटा आहेत. इथं वस्ती आहे अशी तुम्ही सहीनिशी हस्तनोंद करायची. पण मग जाहीर सुनावणी लागते आणि आजवरच्या सगळ्या हस्तनोंदी लोकांपुढे ठेवाव्या लागतात. नाहीतर गुरुवारी दिवेलागणीला उपग्रह पुन्हा येतोय. तेव्हा वस्ती तापलेली दिसली, तर नोंद आपोआप बदलेल."

"गुरुवारचं मी बघते," ती घाईघाईने म्हणाली. फैयाजने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

बुधवारी ती खडीमाळला गेली. सौरमळ्यांच्या काचा पुसणाऱ्या बायकांची मुकादम हौसाक्का दारातच भेटली. उपग्रह वरून ताप कसा मोजतो आणि वस्ती रिकामी का दिसली, ते शर्मिष्ठाने तिला सांगितलं.

"उद्या दिवेलागणीला घरोघरी चुली पेटवा," शर्मिष्ठा म्हणाली. "दिवे, पंखे, सगळं चालू ठेवा. लाकडं मी पाठवते." स्वतःच्याच तोंडून हे ऐकताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुली कवाच मोडल्या की, बाई. तुम्हीच सांगितलं हुतं न्हवं?"

"हो. एकच दिवस करा."

"आन् फुडल्या साली त्यो वरनं परत आला म्हंजी? परत जाळायचं?"

हौसाक्काने तिला पाणी दिलं आणि समोर बसली.

"येक इचारू का? तुमच्या हापिसाच्या इमारतीच्या काचा पुसाय आमच्या सुना येत्यात. भिंती गार, दिवा आपसूक इझतोय म्हंत्यात. तिथला ताप तर आमच्यापरीस कमी आसंल. मग ती कशी न्हाई रिकामी दिसली?"

सरळ प्रश्न होता, आणि तापवेध सुरू झाल्यापासून तीन वर्षांत तो कुणी विचारला नव्हता.

"दिसली होती," शर्मिष्ठा म्हणाली. "पहिल्याच तापवेधात. मी सही करून तेवढी बदलून घेतली. तापवेधाची कल्पना माझी होती, हौसाक्का. चुकतो म्हटलं असतं, तर थांबवावा लागला असता. म्हणून कुणाला बोलले नाही."

हौसाक्का चिडली नाही. चिडली असती तर शर्मिष्ठाला जरा बरं वाटलं असतं.

"म्हंजी सहीनं हुतंय."

"होतं."

"आन् आमाला लाकडं धाडतायसा."

लाजेने शर्मिष्ठाची मान वर होईना. तिथेच बसून तिने फैयाजला फोन लावला. "लाकडांची गाडी थांबवा. मी खडीमाळची हस्तनोंद करतेय. सुनावणीसाठी जुन्या नोंदी काढा. माझ्या इमारतीची सगळ्यांत वर ठेवा."

पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली.

"वर ठेवायला खाली काही नाही, मॅडम," फैयाज म्हणाला. "तीन वर्षांत तेवढी एकच आहे."