डोंगरातला पाहुणचार

आखातात, रुवैसला आमच्यासोबत कामाला असलेल्या सूर्यकांतची ही गोष्ट. खोटी वाटली तर उठून जा, पण निखिल, मध्ये हसायचं नाही.

साल अठ्ठ्याण्णव, कार्तिक अमावस्या, गुरुवारची रात्र. विभावरीवहिनींना आणि पाच वर्षांच्या सृष्टीला घेऊन तो फुजैराकडचे डोंगर बघायला गेला होता. परतताना घाटात इंजिन तापलं. आसपास चिटपाखरू नव्हतं.

वर एका दगडी घरात दिवा दिसला.

"काचा लावून बसा. पाणी घेऊन येतोच."

"बाबा, कम फास्ट," सृष्टी पेंगत म्हणाली.

घरात एक म्हातारा अरब चुलीपाशी बसला होता. सूर्यकांतने पाणी मागितलं. म्हाताऱ्याने हसून बसायची खूण केली आणि चिमुकल्या कपात गहवा, म्हणजे त्यांची कडू कॉफी, ओतली. नाही कसं म्हणायचं? याने संपवली. कप पुन्हा भरला. टाकायचं नाही हे घरचं वळण, म्हणून तोही संपवला. पुन्हा भरला.

"बस, शुक्रान... खलास."

म्हातारा ओततच राहिला. रिकामा कप हलवून दाखवला की अरबांकडे 'पुरे' समजतात. बिचाऱ्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तो उठायला गेला. पाय उठेनात. कप ठेवायला गेला. बोटं सुटेनात.

खालून हॉर्न वाजला. पुन्हा वाजला, लांबलचक. मग...

काहीच नाही.

बायको-पोर अंधारात एकट्या, आणि हा हात पुढे करून बसलेला. ओरडावं तर घशातून आवाज निघेना. त्याला रडू फुटलं. म्हातारा हसत होता. किटली रिती होत नव्हती.

तेवढ्यात मागून कुणीतरी त्याचं मनगट धरलं. छोटासा, गरम हात. त्या हाताने कप हलवला. डावीकडे... उजवीकडे...

म्हाताऱ्याने किटली खाली ठेवली. दिवा गेला.

सूर्यकांत पडत-धडपडत गाडीपाशी आला. दारं आतून बंद होती. वहिनींचे डोळे रडून सुजले होते. सृष्टी त्यांच्या मांडीवर गाढ झोपलेली.

"ही... खाली उतरली होती?"

"वेड लागलंय का तुम्हाला? हॉर्न वाजवून दमले, पण हिला क्षणभर सोडलं नाही मी."

त्याने पोरीच्या पायांवरची चादर बाजूला केली.

अनवाणी तळवे डोंगरातल्या धुळीने माखले होते. टाचेत काटा रुतला होता. रक्त अजून ओलं होतं...