दुसरा घाणा

भिका दारातच उभा राहिला. खुर्ची दाखवली तरी बसेना.

"माजी आय परवापासनं कोठडीत हाय, भाऊ. मला भेटू बी देत न्हाईत. तिनं कुनाला इख घातलेलं न्हाई."

जुन्नरच्या बाजारपेठेत खासगी तपासाची पाटी लावलेल्या अमृत डुंबरेकडे एरवी लोक यायचे ते हरवलेल्या म्हशी नाहीतर पळालेले जावई शोधायला. त्याचा जोडीदार भरत भेळ खात होता. त्याने पुडी बाजूला ठेवली.

भिकाने सांगितलं ते असं. त्याची आई कोंडाबाई घाटघरची. पावसाळा सरला की मायलेक आळ्याला कामाला उतरत. बांधावरच्या हादग्याची फुलं काढून ती दारोदार विकायची. सोमवारी बाळासाहेबांच्या बंगल्यावर पोरींचा हादगा, म्हणजे भोंडला होता. खिरापतीला फुलांची भजी केली. तासाभरात पाच पोरी बरळायला लागल्या. मंगळवारी पोलिसांनी कोंडाबाईला उचललं आणि बुधवारी बाळासाहेबांची सहा वर्षांची संस्कृती दवाखान्यातच दगावली.

"डोंगरातली बाई, झाडपाला जानती, येवडाच तिचा गुन्हा," भिका म्हणाला.

आळ्याला जाताना दोघे दवाखान्यात डोकावले. डॉक्टर थकलेले होते. "तोंडाला कोरड, बाहुल्या विस्फारलेल्या. पोरी हवेत काहीतरी पकडत होत्या. धोतऱ्यासारखं विष. चौघी वाचल्या. संस्कृती लहान होती, आणि तिने खाल्लंही जास्त."

"घ्या, डोंगरात धोतरा रगड मिळतो," बाहेर आल्यावर भरत म्हणाला. "प्रश्न मिटला."

"गावाबाहेरच्या उकिरड्यावरही मिळतो," अमृत म्हणाला. "गाडी काढ."

बाळासाहेबांनी वर्षभरापूर्वीच बंगला बांधला होता. पुढे जास्वंद, कुंपणाला गोकर्ण, आणि मागे स्वयंपाकघराच्या दाराशी पुण्याच्या नर्सरीतून आणलेलं एक शोभेचं झाड. पुरुषभर उंचीचं, कर्ण्यासारखी पांढरी फुलं खाली लोंबणारं. बाळासाहेब पडवीत बसले होते. माणूस तीन दिवसांत खंगला होता.

"फिर्याद मीच दिली," ते म्हणाले. "तिचीच फुलं व्हती. मंग दुसरं कोन?"

"तुमचं तिच्याशी काही वाकडं?"

"काय बी न्हाई. पोरीला ती उचलून घ्यायची. म्हनून तर जास्त लागतंय."

शेजारच्या सखूबाईंनी कुंपणावरूनच सांगितलं, "मी बी कोंडाबाईचा वाटा घेतला व्हता. त्याच टोपलीतला. भाजी केली, सात मानसं जेवली. आमाला साधी ढेकर बी वंगाळ आली न्हाई."

प्रतिभा, संस्कृतीची आई, भिंतीला टेकून बसली होती. तिला विचारायचं अमृतच्या जिवावर आलं, पण विचारावं लागलं.

"अख्खी फुलं तळली असती तर पोरींनी आकारावरनं खिरापत वळखली असती," ती म्हणाली. "म्हनून बारीक चिरून पिठात घातली. नऊ पोरी यायच्या व्हत्या, आल्या तेरा. कोंडाबाईची सगळी फुलं पयल्याच घाण्यात गेली."

"पहिला घाणा कोणी खाल्ला?"

"त्या नऊ जनींनी. दुसरा मागनं आलेल्या चौघींनी. आन घरच्या पोरीनं शेवटी खायचं असतं, म्हनून मंग संस्कृतीनं."

तिची धाकटी जाऊ इंद्रायणी पाणी घेऊन आली. पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेली, लग्नाला पाच महिने झालेली. तिचा उजवा डोळा तिरप्या उन्हाकडे गेला की ती तो मिटून घेई.

"डोळ्याला काय झालं?" अमृतने विचारलं.

"सोमवारपासून धूसर दिसतंय. रडून रडून असेल."

"दुसऱ्या घाण्याची फुलं कोणी आणली?"

"मीच. ताई दारातून हळूच म्हणाल्या, मागच्या झाडाची पांढरी फुलं आण, मधलं केसर काढ आणि चिरूनच दे. पोरी कान देऊन बसल्या होत्या ना. हाताला येत होती तेवढी तोडली. वासही छान सुटला होता."

"मग ती पण घरच्या हादग्याचीच की," भरत पुटपुटला. "पोलिसांनी उगाच कशाला विचारावं?"

अमृतने त्याला हादगा बघायला पिटाळलं. झाड घरामागे, गोठ्याच्या पल्याड होतं. भरत पॅंटला कुसळं घेऊन परत आला.

"गुडघाभर गवत आहे, आठवडाभरात कोणी पाय ठेवलेला दिसत नाही. फुलं शेंड्याला आहेत, मला उडी मारूनही पुरली नाहीत. आकडी लावलेली काठी लागेल. आणि जवळून हुंगलं तरी वास नाही."

अमृतने मागच्या दाराकडे एकवार पाहिलं. मग म्हणाला, "भरत, आज मला हा धंदा नको वाटतो. बोललो तर एक घर मोडतं. नाही बोललो तर त्या म्हातारीला फरफटत नेतात."

संध्याकाळी त्याने बाळासाहेब, दोघी जावा आणि सखूबाईंना पडवीत बसवलं. भिकालाही बोलावून घेतलं होतं, तो पायरीवर बसला.

"एकाच टोपलीतली फुलं सखूबाईंकडे गेली आणि इथल्या पहिल्या घाण्यात पडली. ती खाणारं कोणीही आजारी पडलं नाही. म्हणजे कोंडाबाईच्या फुलांत दोष नव्हता. विष दुसऱ्या घाण्यात होतं, आणि त्यातली फुलं या घराच्या आवारातली होती."

"आमचा हादगा मी लहानपनापासनं खातोय," बाळासाहेब म्हणाले.

"हादग्याची फुलं आकडीशिवाय निघत नाहीत. ही मात्र हाताने तोडली होती. हादग्याला वास नसतो. या फुलांना होता, तोही दिवस कलताना. आत्ता येतोय तसा."

मागच्या दाराकडून गोडसर वास येत होता. सगळ्यांनाच तो आला.

"नर्सरीतलं ते झाड धोतऱ्याच्याच जातीचं आहे. ती फुलं चिरलेला हात डोळ्याला लागला की तेवढीच बाहुली विस्फारते. इंद्रायणीबाईंचा एकच डोळा धूसर झालाय. रडण्याने दोन्ही झाले असते."

इंद्रायणीने हात डोळ्याशी नेला आणि तसाच ठेवला.

"यात कोणी वाईट मनात आणलं नाही," अमृत घाईने म्हणाला. "खिरापत ओळखायची असते, म्हणून फुलाचं नाव घ्यायचं नव्हतं. यांनी हादगा कधी पाहिला नव्हता. दार उघडलं, समोर पांढऱ्या फुलांचं झाड. आणि चिरून आली म्हणून ताईंना आकार दिसलाच नाही. नाव एकदा जरी मोठ्याने निघालं असतं..."

तो थांबला. हे वाक्य बोलायला नको होतं, हे त्याला फार उशिरा कळलं.

"मी भरवली तिला," इंद्रायणी म्हणाली. "ती म्हणाली, काकू, कडू लागतंय. मी म्हटलं, हादगा कडूच असतो, ताई सांगत होत्या. खा."

बाळासाहेबांनी अमृतकडे पाहिलं. त्या बघण्यात विनवणी होती.

"कोंडाबाईला सोडवायचं तर हिचं नाव लिवावं लागंल?"

"लागेल."

"झाड मी आनलं. माजं लिवा की."

"फुलं तोडली कोणी ते विचारतील, बाळासाहेब. मी काही करू शकत नाही."

इंद्रायणी उठली. पायरीवर भिका अवघडून बसला होता, त्याने तिला वाट दिली. ती फाटकाशी पोहोचली तोवर प्रतिभाही भिंतीला धरून उभी राहिली होती. तिने जावेकडे पाहिलं नाही.

"मी बी येते. नाव न घेता सांगितलं ते मीच."

सगळे जीपमधून ठाण्यात गेले. जबाब झाले, कागद झाले. इंद्रायणीला उद्या पुन्हा बोलावलं होतं. पुढे काय होईल ते फौजदारालाही सांगता येत नव्हतं. मग कोंडाबाईला बाहेर आणलं. मंगळवारपासून तिला कोणी भेटलं नव्हतं, कोणी काही सांगितलं नव्हतं. भिका पुढे झाला, पण तिला आधी प्रतिभा दिसली.

"ताई, पोरी बऱ्या हायेत ना?" तिने विचारलं. "आन आपली संस्कृती? जेवाया लागली का?"

प्रतिभाने तोंडाला पदर लावला. इंद्रायणी बाकाला धरून खाली बसली. कोंडाबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि तिला सांगायला कोणीच पुढे होईना.