बेड नंबर सहा

सत्त्याण्णव साली मी एका मराठी मालिकेवर कंटिन्युइटी बघायचे. म्हणजे आदल्या शॉटमध्ये घड्याळ कुठल्या मनगटावर होतं, पदर कुठे होता, याच्या नोंदी ठेवायच्या आणि झटपट फोटो काढून पुढचा शॉट जुळवायचा. मालिका रोज दुपारी अडीचला लागायची. डॉक्टर राजलक्ष्मी आणि कोमात गेलेला तिचा प्रियकर उदयसिंह यांची गोष्ट. तुर्भ्याला बंद पडलेल्या एका कारखान्याच्या शेडमध्ये आमचं प्लायवूडचं हॉस्पिटल होतं. आठ खाटांचा वॉर्ड, रंगवलेल्या खिडक्या, सलाइनच्या बाटल्यांत नळाचं पाणी.

एका सकाळी गेटवर एक बाई हातगाडी ढकलत आली. गाडीवर गोधडीत गुंडाळलेला नवरा. तिचं नाव बाळाबाई, त्याचं देवजी. मूळचे साताऱ्याकडचे. तो एपीएमसीच्या घाऊक बाजारात कांद्याच्या गोण्या उचलायचा. लिव्हर कामातून गेलं होतं. डॉक्टरांनी आठ दिवस सांगून घरी पाठवलं होतं.

"बाई, हे खरं हॉस्पिटल नाही," मी म्हटलं.

"ठावं हाय मला. रोज बगती की," ती म्हणाली. "तीन वरसं झाली, तुमच्या हितं एक पेशंट मेला न्हाई. ह्यांना एक खाट द्या."

मी तिला परत पाठवणार होते. तेवढ्यात आमचे दिग्दर्शक जयप्रकाश बाहेर आले. त्यांनी देवजीचे पिवळे डोळे आणि बसलेली गालफडं पाहिली. असा पेशंट मेकअपनं होत नाही, म्हणाले. सहा नंबरची खाट रिकामीच होती.

मला राग आला होता. मरणाऱ्या माणसाला शोभेसाठी मागे झोपवायचं! बेड सहाचा फोटो काढताना मी मान वळवायची. नवव्या दिवशी मात्र सगळे फोटो टेबलावर ओळीनं मांडले, आणि माझा हात थांबला.

त्याच्या हनुवटीवर वस्तऱ्याचा काप होता, त्यावर रक्ताचा थेंब. पहिल्या दिवशीचा थेंब नवव्या दिवशीही ओला होता. दाढीचा एक खुंटसुद्धा वाढला नव्हता.

"दाढी तुम्ही करता का त्यांची?" मी बाळाबाईंना विचारलं.

"हात बी लावला न्हाई."

वॉचमननं त्या दोघांना तिथंच राहू दिलं होतं. रविवारी शूटिंग नसायचं. सोमवारी सकाळी मी पोचले तेव्हा बाळाबाई देवजीचे तळपाय चोळत बसल्या होत्या. मी त्याचा हात धरला. गार. मनगटावर, मग मानेवर नाडी शोधली. नव्हती.

मग लाइट लागले. क्लॅप वाजला. देवजीची छाती वर आली.

बाकी सगळे राजलक्ष्मीकडे बघत होते.

बाळाबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. "ताई, ह्यांना रोज घ्या. कसंबी करा."

मी केलं. प्रत्येक सीनच्या नोंदीत लिहीत गेले, मागे बेड सहा, पेशंट तोच. माझ्या वहीवर जयप्रकाशांचा विश्वास होता. रविवारीही दोन तुकडे घ्यावे लागतील, हे मी भांडून पटवलं. कॅमेरामन कुरकुरला, मी ऐकलं नाही. कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होते, मला आजही माहीत नाही. असे सात महिने गेले.

मग चॅनेलनं मालिका बंद करायचं ठरवलं. उदयसिंहला शुद्धीवर आणा, लग्न लावा, संपवा.

"वॉर्डचे आणखी चार भाग करू," मी जयप्रकाशांच्या मागे लागले.

"उज्ज्वला, लग्न लागलं की बघणारे उठतात. तुला झालंय काय?"

शेवटच्या दिवशी लाइट विझले आणि सुतारांनी खिळे उपसायला घेतले. बाळाबाई रडल्या नाहीत. देवजीला टेम्पोत नीट टेकवलं आणि म्हणाल्या, "हितवर तुमी केलंत. फुडलं मी बगती."

चौकशी करायची माझी हिंमत झाली नाही.

मे महिन्यात बाळाबाई तुर्भे नाक्यावर दिसल्या. आधी मी कपाळ पाहिलं. कुंकू ठसठशीत होतं.

"बरं झालं भेटलात. चला, अडीच व्हायला आले."

पत्र्याची खोली. आत स्टुलावर टीव्ही, समोर चटईवर देवजी. डोळे मिटलेले. छाती हलत नव्हती. मी दारातच थांबले. बाळाबाईंनी सवयीच्या हातानं टीव्ही लावला.

केबलवर आमचीच मालिका होती, तमिळमध्ये डब केलेली. हक्क विकल्याचं माझ्या कानावर आलं होतं. राजलक्ष्मी वॉर्डात शिरली. तिच्या मागे, अंधुक, बेड सहा.

चटईवर देवजीनं श्वास घेतला.

डोळे उघडले. बायकोकडे पाहिलं आणि भारदस्त, स्वच्छ आवाजात तो बोलू लागला. तमिळमध्ये.

"काय म्हनत्यात कळत न्हाई अजून," बाळाबाई त्याची उशी सारखी करत म्हणाल्या. "पर शिकती हाय. मागच्या गल्लीतली मद्राशी बाई रोज चार शब्द सांगती."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

ओठ हलून थांबायचे. आवाज त्यानंतर यायचा.