उलटे आटे

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. भर दुपारी बाराच्या सुमाराला शहाडच्या नदीकाठी विश्रामला ट्रकखालून बाहेर आलेली दोन पावलं दिसली. पायांत चांदीच्या साखळ्या होत्या, आणि पावलं मुळीच हलत नव्हती. आसपास चिटपाखरू नाही. डोंबिवलीचा हा तरुण कारकून, जवळच्या कारखान्याच्या वाहन खात्यातला, रोजच्यासारखा डबा खायला नदीवर आला होता. तो जागच्या जागी थिजला.

मग एक पाऊल हललं आणि ट्रकखालून वैतागलेला आवाज आला, "जा ना रं आत!"

विश्रामनं वाकून पाहिलं. खाकी शर्ट घातलेली एक मुलगी, हातात ग्रीसगन, गालावर काळा पट्टा, आणि डोळे असे की हा बघतच राहिला. पुढचं डावं चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंगपिनला ती ग्रीस भरत होती, आणि ग्रीस आत जायचं सोडून बाहेरच ओघळत होतं. उपाय विश्रामला ठाऊक होता. खात्याचं माहितीपुस्तक त्यानंच टाइप केलं होतं. पण जन्मात पाना न धरलेल्या माणसानं अनोळखी मुलीला शिकवायचं कुठल्या तोंडानं? मग त्यानं सरळ ठोकून दिली.

"ते... तिकडे एक म्हातारे गृहस्थ भेटले. म्हणाले, माझ्या पोरीला सांगा, आधी जॅक लावून चाक उचल. वजन उतरलं की ग्रीस जाईल."

मुलगी सरपटत बाहेर आली. हात शर्टाला पुसत तिनं त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"माज्या बापसाला जाऊन नऊ म्हयने झाले," ती म्हणाली.

नदीवरचा वारा तेवढ्यात पडला. खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण ती एक पाऊल जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "आनखी काय बोल्ला?"

गडी गारद! "ते... पुढच्या खेपेला सांगतो म्हणाले."

तिचं नाव मालू. तिचा बाप दामाजी कोळी अवसेला कधी गाडी हाकत नसे. त्या दिवशी ट्रक नदीकाठी लावून बापलेक तेल-ग्रीस करायचे. आता ड्रायव्हर पंढरी ट्रक लावून निघून जाई आणि बाकीचं मालू एकटी करी. एकटी म्हणजे, आता विश्राम असायचाच. दर अवसेला बाराच्या ठोक्याला स्वारी हजर, माहितीपुस्तकाचं एकेक पान पाठ करून.

"ते म्हणाले, इंजिन गरम असतानाच तेल सोड. गाळ सगळा निघून येतो."

"अस्सं? आन बापूस दिसतो कसा?"

"पांढरी टोपी... भरघोस मिशा."

"आवाज?"

"भारदस्त. एकदम भारदस्त!"

मालू मान खाली घालून पाना पुसत बसायची. तिचे खांदे हलायचे. विश्रामला वाटायचं, रडतेय बिचारी, आणि त्याचा जीव तिळतिळ तुटायचा. प्रेमात तर तो केव्हाच पडला होता.

चौथ्या अवसेला मालू स्टिअरिंग बॉक्सखालच्या नटाशी झटत होती. जुनं तेल काढायचं तर तो सुटायला हवा, आणि तो नट बापाशिवाय कुणालाच कधी सुटला नव्हता. ऊन नुसतं रटरटत होतं, पाण्यावर काही हलेना-डुलेना. तेवढ्यात ट्रकच्या मागच्या फाळक्यावर टकटक झाली. दोनदा, लोखंडानं वाजवावी तशी. विश्रामनं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. आणि त्याच्या तोंडून शब्द निघून गेले, पुस्तकात नसलेले, मनातही न आलेले.

"उलटे आटे आहेत. घट्ट करतात तसा फिरव."

मालूनं पाना उलटा फिरवला. नट अलगद सुटला.

त्या दिवशी तिचे खांदे हलले नाहीत. काळं तेल डब्यात ठिबकत राहिलं आणि ती सुटलेला नट हातात फिरवून बघत होती. निघताना तेवढं म्हणाली, "मना उत्तनवरून मागनी आलीय. पुढल्या अवसेला बापसाला इचार... मी काय करू?"

तो महिना विश्रामला झोप आली नाही. एका वाक्याचं काम होतं! 'ते म्हणाले, विश्रामशी लग्न कर.' मेलेल्या बापाचा शब्द ती थोडीच मोडणार? आणि खरं सांगितलं तर ती गेलीच हातची.

अवस आली. मालू जॅकला टेकून उभी होती.

"काय बोल्ला बापूस?"

"मालू... म्हातारे नव्हतेच कधी. तुझ्याशी बोलायला मिळावं म्हणून मी थाप मारली. ते गेलेत हे ठाऊक नव्हतं गं मला. मला तू आवडतेस... फार आवडतेस. पण त्यांच्या तोंडी माझं नाव घालायला मन होत नाही. उत्तनचं तुझं तूच ठरव."

मालूनं हातातला पाना फडक्यानं पुसला. "मना म्हाईत हाय. पयल्या दिसापासून."

"कसं?"

"माजा बापूस जल्माचा मुका व्हता."

विश्रामनं कपाळावर हात मारून घेतला.

"भारदस्त आवाज म्हनं!" मालू पोट धरून हसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू यायचास म्हनून ऐकत ऱ्हायले. पन आज बापसाच्या तोंडून सोताचं नाव घेतला असतास ना, तं हाच पाना डोक्यात घातला असता."

मग हसू हळूहळू मावळलं.

"पन त्यो नट... आटे बापसानं सोताच उलटे पाडले व्हते. मना बी म्हाईत नव्हतं. तुला कोनी सांगला?"

"कुणीच नाही. फाळक्यावर दोनदा टकटक झाली, आणि तोंडातून निघून गेलं."

मालूनं पाना छातीशी धरला. बापसाला हाक मारता येत नसे, ती हळूच म्हणाली. तिला बोलवायचं तर तो पान्यानं फाळका वाजवायचा. दोनदा. दोघांपैकी कुणीही मागे वळून पाहिलं नाही. तिनं ग्रीसनं माखलेला हात पुढे केला आणि विश्रामनं तो घट्ट धरला. हात थंडगार पडला होता... दोघांचाही.

"मालू," तो कसाबसा म्हणाला, "आता माझ्याच तोंडानं विचारतो. माझ्याशी लग्न करशील?"

"मी करीन रं. पन आयशीला इचारायला लागंल." तिनं बाहीनं डोळे पुसले. "आन ती बोलते. लय बोलते."